इंग्रजी लिहिताना ॲक्टिव्ह व्हॉइस कधी घ्यायचा आणि पॅसिव्ह कधी?

तुम्ही लिहिलंय की क्लासमधे वाक्यं बदलायला पटापट जमतात, पण स्वतः चार ओळी लिहायला बसलं की कुठला व्हॉइस घ्यावा ते सुचत नाही, आणि वर कुणीतरी सांगितलंय पॅसिव्ह टाळाच. मी सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना इंग्रजी शिकवतो, दर बॅचला हेच असतं. शाळेत आपल्याला उलटापालट शिकवली, कर्ता मागं टाका, मधे बाय लावा, मार्क घ्या. पण उलटायचं कशासाठी हे कुणी सांगत नाही.

तर बोलणं कुणाबद्दल चाललंय ते आधी बघा. 'शनिवारवाडा वॉज कम्प्लीटेड इन 1732' हे पॅसिव्ह एकदम बरोबर आहे, कारण विषय वाड्याचा आहे, गवंड्यांची नावं तिथं कुणाला नकोयत. आता भिडेवाडा घ्या. 'अ गर्ल्स स्कूल वॉज स्टार्टेड इन 1848' असं लिहिलंत तर ग्रामर शुद्ध, पण जोतीराव आणि सावित्रीबाई वाक्यातून गायब, म्हणजे जे सांगायचं होतं तेच गेलं. तिथं सरळ 'जोतीराव अँड सावित्रीबाई फुले स्टार्टेड' म्हणा ना.

कर्ता लपवायची ही सोय मुद्दाम पण वापरतात. आपल्याकडं गेटवर पाटी असते, 'गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल', कोण सोडणार ते काकांनी लिहिलेलं नसतं. 'द टायर्स विल बी डिफ्लेटेड', अगदी तेच. नोटीस, सरकारी पत्र, प्रयोगवहीत हे चालतं, चालायलाच पाहिजे, 'द सोल्युशन वॉज हीटेड' मधे गरम तुम्ही केलं का मित्रानं याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. पण ऑफिसच्या मेलमधे 'द फाइल वॉज नॉट सेंट' लिहिलं की साहेबाला लगेच वास येतो की हा स्वतःचं नाव टाळतोय, तिथं 'आय डिड नॉट सेंड द फाइल' लिहून मोकळं व्हावं.

आता आपल्या मराठी लोकांची खास अडचण, आणि माझ्या मते खरी गोची इथंच आहे. 'रामाने आंबा खाल्ला' हा मराठीत कर्मणी प्रयोग, क्रियापद आंब्याप्रमाणं बदलतं, चिंच घेतली तर 'खाल्ली' होतं. मग मुलांना वाटतं कर्मणी म्हणजे पॅसिव्ह, 'ने' म्हणजे बाय, आणि लिहून येतात 'द मँगो वॉज ईटन बाय राम'. असं नाहीये हो! इंग्रजीत ते साधं 'राम एट द मँगो' आहे. पॅसिव्हच्या जवळ जातं ते 'रामाकडून आंबा खाल्ला गेला', ज्याला व्याकरणाच्या पुस्तकात नवीन कर्मणी म्हणतात, आणि तसं आपण रोज बोलतो का? नाही. म्हणून मराठी वाक्य डोक्यात ठेवून व्हॉइस ठरवू नका.

दुसरं म्हणजे सगळ्या क्रियापदांचा पॅसिव्ह होतच नाही. ज्याला कर्म नाही त्याचं पुढं आणणार काय? त्यामुळं 'ॲन ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड' किंवा 'ही वॉज डाइड' हे चूकच. आणि कर्ता सांगायचा नसेल तर पॅसिव्हच पाहिजे असंही नाही, 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं ते 'द पानशेत डॅम बर्स्ट', हे ॲक्टिव्हच आहे. त्याच पुरात 'मेनी हाउसेस वेअर डिस्ट्रॉइड', हे पॅसिव्ह, कारण आता बोलणं घरांबद्दल चाललंय. दोन्ही एका परिच्छेदात शेजारी शेजारी छान बसतात.

परीक्षेपुरतं सांगायचं तर काळाप्रमाणं बी चं रूप आणि पुढं क्रियापदाचं तिसरं रूप, हे पक्कं करा. दोन कर्मं असली तर दोन उत्तरं होतात, 'ही गेव्ह मी अ बुक' चं 'आय वॉज गिव्हन अ बुक' पण बरोबर आणि 'अ बुक वॉज गिव्हन टू मी' पण, पर्यायात जे असेल ते टिक करा. 'आय नो हिम' ला बाय लावू नका, 'ही इज नोन टू मी' होतं, यावर दरवेळी निम्मा वर्ग आपटतो. आणि कॉम्प्युटर पॅसिव्हखाली रेघ मारतो म्हणून घाबरून सगळं बदलत बसू नका, त्याला तुमचा विषय वाडा आहे का फुले ते कळत नाही.