बिनाअंड्याचा, बिनाओव्हनचा

प्रश्न: बोंडअळीनं कपाशी गेली. पोरीचा वाढदिवस तोंडावर आला. अंडी, बटर, ओव्हन काहीच नाही. केक होईल का?
– एक आई, घाटंजी तालुका

उत्तर: होते ना माय, का नाही होणार! आमच्या सासूबाईंचा केक असाच. वाटीभर रवा, वाटीभर कणीक, वाटीभर किसलेला गूळ, पाव वाटी तेल दीड वाटी ताकात कालवून अर्धा तास झाक. मग अर्धा चमचा खायचा सोडा. आंबट ताकात तो लगेच फसफसते, तेव्हा रेंगाळू नको. कुकरच्या तळाला मीठ, त्यावर मिश्रणाचं भांडं, शिट्टी-रिंग काढलेली, मंद आचेवर पाऊण तास. सुरी कोरडी निघाली की झाला. वरून क्रीम कशाला? दाण्याचा कूट भुरभुरव. कपाशीतली तूर उभी आहे ना? जानेवारीत तीच हात देईल. तोवर मेणबत्त्यांसाठी उधारी वाढवू नको.