पोच लगेच, दर सवडीने

स्वतंत्रपणे काम करणाऱ्या वाचकांचे या वेळचे बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात: नव्या ग्राहकाची चौकशी आली की उत्तर किती वेळात द्यायचं? सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: मी ग्राफिक डिझायनर आहे. ‘पाच मिनिटांत उत्तर गेलं नाही तर ग्राहक हातचा गेला’ असं सगळीकडे वाचायला मिळतं. हे खरं आहे का? आणि एकट्या माणसाला ते जमायचं कसं?

अर्धं खरं आहे. या चर्चेत हमखास दाखला दिला जातो तो ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’च्या मार्च २०११च्या अंकातल्या लेखाचा. अमेरिकेतल्या २,२४१ कंपन्यांना वेबसाइटवरून चाचणीची चौकशी पाठवून कोण किती वेळात उत्तर देतं ते त्यासाठी मोजलं होतं. तासाभरात उत्तर दिलं ३७ टक्के कंपन्यांनी. २३ टक्क्यांनी दिलंच नाही. महिन्याभरात ज्यांनी दिलं, त्यांचा सरासरी वेळ निघाला ४२ तास. वेगळ्या आकडेवारीवरून त्याच लेखात असंही मांडलं होतं, की तासाभरात संपर्क साधणाऱ्या कंपन्यांचं निर्णय घेणाऱ्या माणसाशी नीट बोलणं होण्याची शक्यता त्यानंतर तासभर उशीर करणाऱ्यांच्या जवळजवळ सातपट होती.

पण हे वाचताना दोन गोष्टी विसरू नका. एक, त्या कंपन्या होत्या. चौकशी आली की फोन लावायला तिथे माणसं बसवलेली असतात. तुम्ही एकाच वेळी विक्रेते, कारागीर आणि हिशेबनीस आहात. दोन, सातपट झालं ते बोलणं, सौदा नव्हे.

तरी त्या लेखातून उचलावी अशी एक गोष्ट आहे. ग्राहक ज्या क्षणी तुम्हाला लिहितो, त्या क्षणी त्याच्या डोक्यात ते काम असतं. बहुधा त्याच बैठकीत त्याने आणखी दोघातिघांना लिहिलेलं असतं. त्याला लगेच हवं असतं ते एवढंच: निरोप पोचला का, आणि नक्की उत्तर कधी मिळेल? दर, मुदत, अटी या गोष्टींसाठी तो थांबायला तयार असतो. गप्प बसलेल्या माणसासाठी मात्र थांबत नाही. म्हणून पोच आणि उत्तर या दोन वेगळ्या गोष्टी धरा. पोच द्यायला एक मिनिट लागतं, तिला उशीर करायला कारण नाही. उत्तराला विचार लागतो, त्याची घाई करू नका.

आमच्या मते ही वेळ पाळण्याजोगी आहे. चॅटवर आलेल्या चौकशीची पोच कामाच्या वेळेत दोन तासांच्या आत. ईमेलची त्याच दिवशी, संध्याकाळी उशिरा आली तर दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या तासात. मिस्ड कॉल असेल तर अर्ध्या दिवसात. अनोळखी नंबर लोक उचलत नाहीत, म्हणून आधी ‘तुमचा ११ वाजता फोन आला होता, मी अमुक, आता बोलता येईल का?’ एवढा संदेश टाका आणि मग फोन लावा. जुन्या ग्राहकाच्या ओळखीने आलेल्या माणसाला शक्य तितकं लवकर, कारण तिथे तुमच्याबरोबर शिफारस करणाऱ्याचाही शब्द पणाला लागलेला असतो. दरासह पूर्ण उत्तर साध्या कामाला एका कामाच्या दिवसात, गुंतागुंतीच्या कामाला दोन ते तीन दिवसांत.

याला अपवाद तातडीच्या कामांचा. पाइप फुटलाय, कुलूप उघडत नाही, वीज गेलीय, अशा वेळी माणूस जो पहिला फोन उचलेल त्याला बोलावतो. तिथे हिशेब मिनिटांचाच, आणि हातात काम असेल तर ‘आता जमणार नाही’ हेसुद्धा मिनिटभरातच सांगायचं.

प्रश्न: मी अनुवादक आहे. सलग दोन तास बसल्याशिवाय माझं काम होत नाही. दर दहा मिनिटांनी फोन बघत बसले तर काम कधी करू?

बघू नका. दिवसातून तीन वेळा ठरवा: काम सुरू करण्याआधी, दुपारच्या सुट्टीनंतर, आणि काम बंद करण्याच्या तासभर आधी. प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटं. मधल्या वेळात सूचना बंद. शेवटची वेळ तासभर आधी ठेवायची ती अशासाठी, की एखाद्या चौकशीला थोडा विचार लागला तर तो त्याच दिवशी करता यावा.

मधल्या वेळेतही पोच जावी म्हणून व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये आपोआप जाणारे संदेश लावता येतात, पण ते कसे चालतात ते ठाऊक हवं. स्वागताचा संदेश माणूस पहिल्यांदा लिहितो तेव्हा जातो, किंवा १४ दिवस काहीच बोलणं झालं नसेल तर पुन्हा जातो. तुम्ही जागेवर नसतानाचा संदेश ठरावीक वेळापत्रकानुसार लावता येतो, पण फोनला इंटरनेट चालू असेल तरच तो सुटतो. एकाग्रतेसाठी तुम्ही डेटाच बंद करून बसत असाल, तर ग्राहकाला काहीच जात नाही आणि तुम्ही मात्र ‘संदेश लावलाय’ म्हणून निर्धास्त. इथेच घोडं पेंड खातं. सूचना बंद करा, इंटरनेट नको. जीमेलचा ‘सुट्टीवर आहे’ संदेशही एकाच माणसाला दर पत्राला जात नाही. चार दिवसांनी त्याने पुन्हा लिहिलं तरच दुसऱ्यांदा जातो. तो रोजच्या कामासाठी नाही, खऱ्या सुट्टीसाठी वापरा.

आपोआप जाणाऱ्या संदेशात वेळ लिहा. ‘आपला संदेश आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, लवकरच संपर्क साधू’ हे वाक्य बँकेच्या फोनवर इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्याचा अर्थ ‘वाट बघत बसा’ असाच होतो. त्यापेक्षा हे बघा:

‘नमस्कार. मी एकटीच काम करते, त्यामुळे संदेश सकाळी ९, दुपारी २ आणि संध्याकाळी ५ वाजता बघते. मजकुराचे शब्द किती, भाषा कोणती आणि कधीपर्यंत हवं, एवढं लिहून ठेवलंत तर पुढच्या वेळी थेट उत्तरच देईन.’

यात ‘लवकरच’ नाही, घड्याळ आहे. शिवाय वाट बघण्याच्या वेळेत ग्राहक कामाला लागतो. आणि हो, ५ लिहिलंत तर ५ पाळा. पाचची वेळ देऊन सातला लिहिणाऱ्यापेक्षा ‘उद्या सकाळी’ म्हणून सकाळी लिहिणारा भरवशाचा वाटतो.

प्रश्न: ‘रेट काय?’ एवढाच संदेश येतो. मी कामाची माहिती विचारली की माणूस गायब. लगेच उत्तर देऊन उपयोग काय? (वेबसाइट बनवणारा एक वाचक)

माणूस गायब का होतो ते आधी पाहू. त्याने दोन शब्दांचा प्रश्न विचारला आणि तुम्ही त्याच्या हातात दहा प्रश्नांची उत्तरपत्रिका दिलीत. त्याला अजून हेही माहीत नाही की तुमचा दर त्याच्या आवाक्यातला आहे की नाही. मग तो दहा उत्तरं का लिहील?

दुसरी चूक उलटी. घाईत एकच आकडा टाकायचा. पाच पानांची वेबसाइट समजून दर सांगितला, नंतर कळलं की ऑनलाइन पैसे भरायची सोयही हवी, मजकूरही तुम्हीच लिहायचा. आता आकडा वाढवलात तर तुम्ही शब्द फिरवलात, न वाढवलात तर पदरमोड.

मधला रस्ता असा. पहिल्याच उत्तरात दराचा पट्टा द्या, तो कशामुळे वर-खाली होतो ते एका ओळीत सांगा, आणि दोनच प्रश्न विचारा, तेही दर ठरायला खरोखर लागणारे. ‘पाच-सहा पानांच्या साध्या वेबसाइटला इतके ते इतके. मजकूर आणि फोटो तुमचे असतील तर खालचा दर, मला तयार करायचे असतील तर वरचा. पैसे भरायची सोय हवी आहे का? आणि कोणत्या तारखेला सुरू व्हायला हवी?’ ज्याला पट्टाच परवडत नाही तो इथेच निघून जाईल, आणि ते बरंच. त्याच्यासाठी तुमची दोन मिनिटं गेली, दोन दिवस नाही.

बजेट विचारायला लाजू नका. ग्राहकही सांगायला कचरतो, तुम्हीही विचारायला. दोघंही ताकाला जाऊन भांडं लपवतात आणि चार निरोपांनंतर कळतं की जमण्यातलं नव्हतंच.

हा मजकूर दर वेळी नव्याने टाइप करायची गरज नाही. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये असे ५० पर्यंत तयार संदेश साठवता येतात. तुम्हाला पाच पुरेत: पोच, दराचा पट्टा, तारीख उपलब्ध नाही, काम आपलं नाही, आणि कोटेशननंतरची आठवण. फक्त पाठवण्याआधी पहिल्या ओळीत त्या माणसाने लिहिलेली एखादी गोष्ट घाला. ‘तुमच्या नृत्यवर्गाच्या वेबसाइटबद्दल’ एवढं आलं तरी संदेश साच्यातला वाटत नाही.

प्रश्न: दोन मिनिटांत उत्तर दिलं तर ‘याच्याकडे काम नाही’ असं ग्राहकाला वाटणार नाही का?

उत्तर लवकर दिल्याने नाही वाटत, उत्तरात काय आहे त्यावरून वाटतं. ‘हो हो, आजच सुरू करतो, दरही कमी करू’ असं दुसऱ्या मिनिटाला लिहिणं म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. ‘मिळालं. सध्याचं काम १२ तारखेला संपतं, त्यानंतरची वेळ देऊ शकेन. दर उद्या दुपारपर्यंत पाठवतो’ हे दुसऱ्या मिनिटाला लिहिलं तरी यातून तुमच्या हातात काम आहे हेच दिसतं. मुद्दाम तास-दोन तास थांबण्यात काहीही अर्थ नाही.

प्रश्न: रात्री ११ वाजता किंवा रविवारी चौकशी आली तर?

सकाळी उत्तर द्या. रात्री ११ला तुम्ही लिहिलंत तर पुढची सगळी कामं रात्री ११ला बोलायची, अशी सवय तुम्हीच लावलेली असते. रात्रीच मजकूर सुचला तर ईमेल लिहून ‘शेड्यूल सेंड’ने सकाळची वेळ लावा. चॅटवर मात्र संदेश उघडला की निळी खूण जाते आणि माणूस समजतो की बघून गप्प बसलाय. ती खूण बंद करता येते, पण मग समोरच्याने वाचलं की नाही हे तुम्हालाही दिसत नाही. आम्ही म्हणू, बंद करण्यापेक्षा रात्री उघडूच नका.

प्रश्न: नऊ दिवसांपूर्वीची चौकशी आज स्पॅममध्ये सापडली. आता उत्तर देऊन काही फायदा? वेबसाइटच्या फॉर्मवरून आली होती. (घरसजावटीचं काम करणारी वाचक)

द्या, आजच. ‘तुमचा निरोप स्पॅममध्ये गेल्याने आज दिसला, क्षमस्व. काम अजून बाकी असेल तर दोन दिवसांत दर देऊ शकेन. दुसरीकडे ठरलं असेल तरी हरकत नाही.’ बस. लांबलचक माफीनामा नको. मोठ्या कामांत नऊ दिवसांत कुणाचंच ठरलेलं नसतं, असंही पुष्कळदा घडतं.

पण हे पुन्हा होऊ नये म्हणून फॉर्मची तपासणी करा. नेहमीची चूक अशी: फॉर्ममधून तुम्हाला येणाऱ्या ईमेलवर ‘पाठवणारा’ म्हणून चौकशी करणाऱ्याचाच पत्ता घातलेला असतो. प्रत्यक्षात ते पत्र सुटतं तुमच्या वेबसाइटच्या सर्व्हरवरून. पत्ता एकाचा, सर्व्हर दुसऱ्याचा, हे घेणाऱ्या मेल-सेवेला दिसतं, आणि पत्र खोटं समजून ते स्पॅममध्ये टाकलं जातं किंवा परत फिरवलं जातं. उपाय: ‘फ्रॉम’मध्ये तुमच्या स्वतःच्या डोमेनचा (म्हणजे वेबसाइटच्या नावाचा) ईमेल पत्ता, आणि ‘रिप्लाय-टू’मध्ये ग्राहकाचा. शिवाय पत्र खरोखर तुमच्याच डोमेनवरून आलंय हे मेल-सेवेला तपासता यावं म्हणून असणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी डोमेनला लावलेल्या आहेत का, हे होस्टिंगवाल्याकडून पाहून घ्या. मग महिन्यातून एकदा, दुसऱ्याच कुठल्या तरी ईमेल पत्त्यावरून, स्वतःच फॉर्म भरून बघा.

स्पॅम आठवड्यातून दोनदा चाळा. जीमेल तिथली पत्रं ३० दिवसांनी कायमची काढून टाकतं. इन्स्टाग्रामवर अनोळखी माणसाचा निरोप मुख्य यादीत न येता ‘रिक्वेस्ट’मध्ये जाऊन बसतो, तीही पाहायची. निरोप यायच्या जागा जितक्या जास्त तितकं निसटण्याचं प्रमाण जास्त, म्हणून प्रोफाइलवर एकच रस्ता ठळक दाखवा.

प्रश्न: कोटेशन पाठवलं आणि तिकडून चिडीचूप. किती वेळा आठवण करायची?

दोनदा, आणि तिसऱ्यांदा दार लावून घ्यायला. पहिली आठवण तीन कामाच्या दिवसांनी, दुसरी त्यानंतर आठवड्याने. नुसतं ‘काय ठरलं?’ विचारू नका, त्याला उत्तर द्यायला सोपं जाईल असं काही विचारा: ‘दोन टप्प्यांत काम केलं तर सोयीचं होईल का?’ तिसरा निरोप असा: ‘ही तारीख मी आता दुसऱ्या कामाला देतोय. पुढे लागलं तर जरूर कळवा.’ पुष्कळदा उत्तर येतं ते यालाच. कोटेशनवर सुरुवातीलाच ‘१५ दिवस ग्राह्य’ असं छापलेलं असेल तर हे भिजत घोंगडं आपोआप वाळतं, आणि चार महिन्यांनी जुन्याच दरात काम मागणाऱ्याशी वादही होत नाही.

प्रश्न: जे काम घ्यायचंच नाही, त्यालाही लगेच उत्तर द्यायचं का?

त्यालाच सगळ्यात आधी. होकाराला विचार लागतो, नकाराला नाही, तरी लोक लांबवतात ते नकारच. त्याच दिवशी दोन ओळी: ‘हे काम मी करत नाही’ किंवा ‘या तारखा भरलेल्या आहेत’. कारण खरं आणि एकच द्या. दोन दिलीत की समोरचा त्यातलं एक सोडवून दाखवतो. दुसऱ्या कुणाचं नाव सुचवणार असाल तर आधी त्या माणसाला विचारा आणि मगच नंबर द्या.