तुतनखामुनशिवाय इजिप्तच्या आणखी कुठल्या राजाची कबर न लुटलेली सापडली आहे का?

हो, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं याचं मला खरंच वाईट वाटतं. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या तानिस इथे फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर मोंते यांना 1939-40 मध्ये एकविसाव्या-बाविसाव्या राजघराण्यांच्या (साधारण तीन हजार वर्षांपूर्वीच्या) कबरी सापडल्या. त्यातली पहिल्या सुसेनेस राजाची कबर चोरांच्या हाती लागलेलीच नव्हती. तुतनखामुनच्या कबरीत तर प्राचीन काळीच चोर शिरून गेले होते!

सुसेनेसचा सोन्याचा मुखवटा देखणा आहेच, पण मला जास्त मोलाची वाटते ती त्याची चांदीची शवपेटी. इजिप्तमध्ये सोन्याच्या खाणी होत्या, चांदी मात्र बहुतांशी बाहेरून यायची. बाहेरची दगडी पेटी मूळची मेरनेप्ताह राजाची. ती थेट दक्षिणेकडच्या राजांच्या खोऱ्यातून, म्हणजे आधीच्या राजांच्या दफनभूमीतून आणून पुन्हा वापरली होती.

त्रिभुज प्रदेशातल्या ओलाव्यामुळे लाकूड कुजलं, ममीची फक्त हाडं उरली. धातू आणि दगड तेवढे टिकले.

एवढं असून गाजावाजा का झाला नाही? दुसरं महायुद्ध. सुसेनेसची शवपेटी 1940 च्या फेब्रुवारीत उघडली, आणि मे महिन्यात जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या.