तेल-तूप सोडलं, तरी एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) उतरत का नाही?

प्रश्न : वय ३४, शाकाहारी, रोज व्यायाम. तेल-तूप जवळजवळ बंद. तरी एलडीएल २४०. वडील ४६व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. माझं काय चुकतंय?

तुमचं काहीच चुकत नाहीये. ही लक्षणं आनुवंशिक कोलेस्टेरॉलची वाटतात. साधारण अडीचशे माणसांत एकाला ते असतं.

रक्तातलं एलडीएल मुख्यतः यकृत उचलतं. त्यासाठी यकृताच्या पेशींवर एलडीएल रिसेप्टर नावाचं प्रथिन असतं. ते एलडीएलचा कण पकडतं, पेशीत नेऊन सोडतं आणि रिकामं होऊन परत वर येतं. एका खेपेला जेमतेम दहा मिनिटं. या प्रथिनाचं जनुक १९व्या गुणसूत्रावर असतं, एक प्रत आईची, एक वडिलांची. एक प्रत बिघडली की कामाचे रिसेप्टर निम्मे होतात आणि एलडीएल जन्मापासून रक्तात साचत राहतं. अमेरिकेतल्या डॅलसच्या मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन या शास्त्रज्ञांनी रुग्णांच्या त्वचेच्या पेशी बशीत वाढवून हे शोधलं. दोन्ही प्रती बिघडलेल्या मुलांच्या पेशींना एलडीएल धरताच येत नव्हतं. १९८५चं नोबेल त्यांना मिळालं.

म्हणून नुसत्या पथ्याने भागत नाही. स्टॅटिन हे औषध यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखतं, मग यकृत चांगल्या प्रतीवरून जास्त रिसेप्टर बनवतं. या आजाराची एक खूण घरीच तपासता येते. टाचेमागची जाड कंडरा (धोंडशीर) चिमटीत धरून पाहा. ती जाडजूड, गाठाळ लागली तर डॉक्टरांना आवर्जून दाखवा.

प्रश्न : स्टॅटिन पुरत नाही. डॉक्टर पीसीएसके९चं इंजेक्शन सुचवतात. ते काय करतं?

पीसीएसके९ हे प्रथिन रिसेप्टरला चिकटतं. मग तो परत वर येत नाही, पेशीतच नष्ट होतो. २००३ मध्ये फ्रान्समधल्या काही कुटुंबांत या प्रथिनाचं जनुक जास्त जोमाने काम करताना आढळलं. त्यांचं कोलेस्टेरॉल खूप वाढलेलं होतं. उलट अमेरिकेतल्या काही कृष्णवर्णीयांत त्याची एक प्रत जन्मतःच निकामी होती. २००६च्या अभ्यासात त्यांचं एलडीएल २८ टक्क्यांनी आणि हृदयविकाराचं प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी भरलं. निसर्गानेच केलेला हा प्रयोग मला आजही थक्क करतो. तुमचं इंजेक्शन हेच प्रथिन अडवतं. मात्र स्टॅटिन मनाने बंद करू नका.

प्रश्न : मामाच्या मुलीशी माझं लग्न ठरतंय. दोन्ही घरांत कमी वयात हार्ट अटॅक झालेत.

आधी दोघांचं लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी, करा. दोघांकडे बिघडलेली प्रत असेल, तर प्रत्येक अपत्याला दोन्ही प्रती तशाच मिळण्याची शक्यता चारात एक. अशा मुलांच्या कोपरा-गुडघ्यांवर लहानपणीच पिवळट गाठी येतात आणि उपचार न झाल्यास विशीच्या आतही हार्ट अटॅक येऊ शकतो. लग्न मोडा असं मी म्हणत नाही, पण जनुकतज्ज्ञाला दोघांनी मिळून भेटा.

प्रश्न : माझं निदान झालंय. धाकटी बहीण म्हणते, मला त्रास नाही, तपासणी कशाला?

त्रास होत नाही, हीच तर भीती आहे. सख्ख्या भावंडांत शक्यता निम्मी असते. तिला घेऊन या. रक्ताची एक साधी तपासणी आहे. तुम्हाला मुलं असतील, तर त्यांचीही करा.