एआय एजंटसाठी गिट डिफचं (कोडमधले बदल दाखवणाऱ्या गिटच्या कमांडचं) डॉक्युमेंटेशन लिहिताना आधी काय लिहायचं?

कुठली कमांड कशाची तुलना कशाशी करते ते आधी लिहा, फ्लॅगची (कमांडला जोडायच्या पर्यायांची) यादी नंतर. कारण नुसतं गिट डिफ फक्त स्टेज न केलेले (म्हणजे पुढच्या कमिटसाठी गिट ॲडने न निवडलेले) बदल दाखवतं, सगळं ॲड करून झालं असेल तर आउटपुट कोरं येतं आणि एजंट काही बदललंच नाही असं धरून पुढे जातो, तिथे स्टेज्ड फ्लॅग लागतो, दोन्ही एकत्र हवं तर गिट डिफ हेड (हेड म्हणजे शेवटचं कमिट). गिटच्या मॅन्युअलमध्ये हे आहेच, पण कोऱ्या आउटपुटचा अर्थ काय हे एजंटला स्पष्ट सांगायलाच हवं. एक्झिट-कोड फ्लॅग लावला की कमांड संपताना मिळणारा १ म्हणजे फरक आहे, एरर नाही, हेही लिहा. मात्र नवीन अनट्रॅक्ड (गिटमध्ये अजून ॲड न केलेली) फाइल यातल्या कशातच दिसत नाही, त्यासाठी गिट स्टेटसच बघायला सांगा.