कोकमाचा 'अर्क' कसा काय निघाला बुवा?

प्रश्न आलाय की "अल्ट्रासाऊंड वापरून कोकमाच्या सालीतून अँटिऑक्सिडंट्सचा अर्क काढणे" हे मराठी बरोबर आहे का, आणि अल्ट्रासाऊंडला काय म्हणावं. दुसरं आधी उरकतो. शाळेच्या पुस्तकात 'श्राव्यातीत ध्वनी' आहे, तोच वापरा. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, हा त्याच्या वरचा. 'स्वनातीत' आवाजापेक्षा जोरात पळणाऱ्या विमानांना ठेवा.

आता अर्क. हल्ली फेसवॉशपासून बिस्किटापर्यंत सगळ्यात कशाचा ना कशाचा अर्क असतोच, वाचून डोकं उठतं. अहो, अर्क म्हणजे घाम! अरबीत 'अरक' म्हणजे घाम, भट्टीवर हंडा चढवला की वाफ वर जाते, गार होते, थेंब थेंब ठिबकते, म्हणजे भांड्याला घामच फुटला की, आणि तोच शब्द फारसीतून आपल्याकडे आला. तुर्कांची राकी, लेबनॉनची अरक आणि गोव्यातली काजूची उर्राक, ही सगळी दारूची नावं एकाच घामाची लेकरं. आणि आपण 'बापाचा अर्क आहे नुसता' म्हणतो ना, तेही माझ्या मते भट्टीवरूनच आलंय: बाप उकळला, पाणचट सगळं हंड्यात राहिलं, नळीतून उतरलं ते हे कार्टं. अर्कचित्रही तसंच, चेहरा आटवून नाक तेवढं उरतं.

काही विद्वान मात्र हाही शब्द संस्कृतच म्हणून हटून बसतात, अर्क म्हणजे सूर्य, सूर्याची उष्णता वगैरे. सूर्य आहेच, मारुतीला वाहतो ती रुईही अर्कच, पण त्यांचा ठिबकण्याशी काय संबंध? मग 'अर्कप्रकाश' हा अर्कांवरचा संस्कृत ग्रंथ पुढे करतात, तो रावणाच्या नावावर आहे म्हणून. नाव रावणाचं घातलं म्हणून शब्द लंकेत जन्मला असं होत नाही हो.

हां, कोकम. ओव्याचा अर्क खरा अर्क, कारण ओव्यातलं थायमॉल, म्हणजे त्याच्या वासाचं द्रव्य, वाफेबरोबर वर येतं. कोकमाचा लाल रंग, म्हणजे त्यातली अँथोसायनिन्स, तुमच्या अँटिऑक्सिडंट्सपैकीच, ती वाफेबरोबर येतच नाहीत, हंड्यातच बसतात आणि फार उकळलीत तर खराब होतात. म्हणून तर श्राव्यातीत लहरी, त्यांनी द्रवात बारीक बुडबुडे होऊन फटाफट कोसळतात, त्या दणक्याने सालीच्या पेशी फाटतात आणि आतला माल पाण्यात किंवा पाणी-अल्कोहोलात उतरतो, फार न तापवता. आयुर्वेदाच्या भाषेत हा अर्कापेक्षा 'हिम'चा चुलतभाऊ, तोही न उकळता थंड पाण्यात भिजवूनच करतात. तेव्हा 'निष्कर्षण' (एक्स्ट्रॅक्शन) लिहा, रुक्ष आहे पण खोटं नाही. सत्त्व चालेल का असं विचाराल, तर गुळवेलीचं सत्त्व म्हणजे पाण्यात तळाशी बसलेला स्टार्च, तेही इथे नको.