नळीचा पीळ किती असावा?

प्रश्न : हरणांच्या शिकारीसाठी मी .२४३ विंचेस्टर रायफल वापरतो. तिच्या बॅरलचा (नळीचा) ट्विस्ट, म्हणजे आतील खाचांचा पीळ, १:१० आहे आणि शिशाच्या गाभ्याच्या १०० ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचे माप, सुमारे ०.०६५ ग्रॅम) गोळ्यांनी आजवर उत्तम काम दिले. आता संपूर्ण तांब्याच्या गोळ्यांकडे वळायचे आहे. बॅरल झिजल्यामुळे नवी बसवायचीच आहे, तर ती १:१० घ्यावी की १:८? पीळ जास्त झाला की नेम बिघडतो, असे म्हणतात. ते खरे का?

उत्तर : १:८ घ्यावी. १:१० म्हणजे दहा इंच पुढे सरकताना गोळी स्वतःभोवती एक पूर्ण फेरा घेते; आकडा जितका लहान, तितका पीळ घट्ट. आपण गोळीचे वजन सांगितले आहे, परंतु पीळ ठरतो तो मुख्यतः तिच्या लांबीवर. शिशाची घनता ११.३ आणि तांब्याची सुमारे ९ असल्यामुळे, त्याच व्यासाची आणि तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी अपरिहार्यपणे लांब होते, आणि लांब गोळीला स्थिर राहण्यासाठी अधिक वेगाने फिरावे लागते.

अंदाजासाठी ब्रिटिश गणितज्ञ ग्रीनहिल यांचे १८७९ मधील जुने सूत्र आजही पुरते. व्यासाचा वर्ग करून त्याला १८० ने गुणावे (वेग सेकंदाला २,८०० फुटांहून कमी असल्यास १५० ने) आणि लांबीने भागावे. मापे इंचात घ्यावीत. आपल्या व्यासाच्या (०.२४३ इंच) आणि १.१ इंच लांब गोळीसाठी उत्तर सुमारे ९.७ येते. हे शिशाच्या गाभ्याच्या गोळीचे झाले. तांब्याच्या हलकेपणामुळे ते आणखी ०.९ ने गुणावे लागते, म्हणजे साधारण ८.७ इंच. येथे १:१० उघडच अपुरा पडतो. ८० ते ८५ ग्रेनच्या आखूड तांब्याच्या गोळ्या मात्र त्यातही चालतात, आणि त्या अंगात शिरल्यावर फारशा तुटत नसल्याने हरणासाठी कमीही पडत नाहीत. पण नवी बॅरल घेतच असाल, तर हे बंधन कशाला ओढवून घ्यायचे?

काठावरचा, म्हणजे जेमतेम पुरणारा, पीळ उन्हाळ्यात निभावतो आणि थंडीत दगा देतो, कारण थंड हवा दाट असते. लक्ष्यावरील छिद्र गोल न दिसता लांबट दिसू लागले, तर गोळी आडवी होऊन आदळते आहे, असे समजावे.

जास्त पिळाची भीती बरीचशी ऐकीव आहे. सेकंदाला ३,००० फूट वेगाने सुटलेली गोळी १:१० मध्ये मिनिटाला २,१६,००० फेरे घेते, तर १:८ मध्ये २,७०,०००. एवढ्या फिरकीने लहान प्राण्यांसाठीच्या पातळ आवरणाच्या गोळ्या क्वचित हवेतच फुटतात आणि सदोष गोळीचा असमतोल थोडा अधिक जाणवतो. तांब्याच्या एकसंध गोळीला फाटण्याजोगे आवरणच नसते. उलट कमी पिळाची किंमत मोठी असते. आपल्याच व्यासाची गोळी वापरणारे .२४४ रेमिंग्टन हे काडतूस १९५५ मध्ये १:१२ पिळाच्या रायफलींसह आले, १०० ग्रेनच्या गोळीला ते भरवशाचे ठरले नाही, आणि १९६३ मध्ये नाव बदलून १:९ पिळासह पुन्हा आणावे लागले.

बॅरल हाती आल्यावर पीळ स्वतः मोजावा. मूठ स्थिर ठेवूनही दांडा मोकळा फिरेल अशा क्लीनिंग रॉडला घट्ट पॅच (कापडाचा तुकडा) लावून तो नळीत थोडा सरकवावा, दांड्यावर वरच्या बाजूस खूण करावी, आणि ती पूर्ण फेरा घेऊन पुन्हा वर येईपर्यंत रॉड किती इंच आत गेला, ते पाहावे.